सोळा नंबरची कॉलर

माझ्या मामाने बावीस वर्षं शर्टाच्या कारखान्यात शिवणकाम केलं आणि त्या बावीस वर्षांत एकही शर्ट शिवला नाही. हे कोणालाही सांगितलं की तो आधी हसतो आणि मग विचारतो, "म्हणजे?" म्हणजे असं, की मामा फक्त कॉलर शिवायचा. त्या कारखान्यात कोणी नुसत्या बाह्या लावायचं, कोणी नुसते खिसे, एक बाई तर सकाळपासून संध्याकाळपर्यंत नुसती काजं करायची. मामाच्या टेबलावर डावीकडून कापलेल्या पट्ट्यांचा गठ्ठा यायचा आणि उजवीकडून कॉलरी होऊन पुढे जायचा. पुढे त्या कॉलरींचं काय होतं, हे त्याला कधी दिसायचं नाही.

त्यातही तो तीन नंबरच्या लायनीत होता आणि त्या लायनीत सोळा नंबरच्याच कॉलरी व्हायच्या. म्हणजे सोळा इंच मान. ते शर्ट बोटीने कुठेतरी लांब जायचे. आमच्या अख्ख्या इमारतीत सोळा इंच मानेचा एकही माणूस नव्हता. "एवढ्या मानेची माणसं राहतात तरी कुठे?" असं मामी विचारायची. "असतील कुठेतरी. वेळेवर जेवत असतील," मामा म्हणायचा.

मी सहा वर्षांची असताना माझे वडील घर सोडून गेले आणि आई मला घेऊन आपल्या भावाकडे आली. चार वर्षांनी आईही गेली, साध्या तापाने. मामा-मामीला मूलबाळ नव्हतं. "आयतं मिळालं, पण तिखट मिळालं," असं म्हणून मामाने माझं नाव मिरची ठेवलं, आणि ते काही खोटं नव्हतं. माझ्या जिभेला हाड नाही हे मला तेव्हाही माहीत होतं. शाळेला निघताना मामा दारात उभा राहायचा. माझ्या गणवेशाच्या कॉलरखाली दोन बोटं घालायचा, मागून पुढपर्यंत फिरवायचा, दोन्ही टोकं चिमटीत दाबायचा आणि "सरळ आहे" म्हणायचा. मगच सोडायचा. "कॉलर सरळ असली की बाई निम्मे गुण तिथेच देतात," हा त्याचा सिद्धांत. गणितात मला निम्मे गुण कधीच मिळाले नाहीत, पण दहा वर्षांत माझी कॉलर एकदाही वाकडी नव्हती.

कारखाना बंद झाला तेव्हा मामा एकावन्न वर्षांचा होता. एका मंगळवारी फाटकावर कागद लागला. त्यावर मालकांनी सगळ्यांचे मनापासून आभार मानले होते आणि देणी यथावकाश देऊ असं लिहिलं होतं. यथावकाश म्हणजे कधी, हे विचारायला चौघे आत गेले, तेव्हा तेही यथावकाश कळवू असं उत्तर मिळालं. मग लोकांनी जे करायचं ते केलं. ज्याच्या हाताला जे लागलं ते त्याने उचललं. शहाण्यांनी पंखे उतरवले, कोणी स्टुलं नेली, काजं करणारी बाई भिंतीवरचं घड्याळ घेऊन गेली. मामाने आपल्या टेबलाच्या खणातला पत्र्याचा फर्मा तेवढा घेतला. फर्मा म्हणजे कॉलरचा आकार कापलेला पातळ पत्रा, तो कापडावर ठेवून कडेने खडू फिरवायचा. कडा इतक्या वर्षांत गुळगुळीत झालेल्या, आणि मधे खिळ्याने कोरलेला आकडा, सोळा.

"सगळ्यांनी काहीबाही आणलं आणि तू पत्रा घेऊन आलास!" मी म्हणाले. "मामाला सगळ्या जगाने मामा बनवलं."

"तो आपला आहे," मामा म्हणाला. त्याला माझी कोटी कळली नसेल असं नाही. त्याने फर्मा पुसला आणि कपाटाच्या वरच्या फळीवर, आईच्या फोटोशेजारी उभा केला.

पहिल्या महिन्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आपापल्या परीने मदत करायचं ठरवलं. घरात मामीचं जुनं पायमशीन होतंच. कोणी नवऱ्याच्या शर्टाचं कापड आणलं, कोणी नातवाच्या. मामा प्रत्येकाला कापड परत द्यायचा. "मला येत नाही हो," म्हणायचा. त्यावर कोणाचा विश्वास बसायचा नाही. बावीस वर्षं शर्टाच्या कारखान्यात असलेल्या माणसाला शर्ट येत नाही, हे कोण मान्य करणार? समोरच्या काकूंनी तर जिन्यात उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं सुनावलं, "सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात ते खोटं नाही. हाताला काम नाही, पण कॉलर बघा किती ताठ!" मामाला हे मामीने सांगितलं. तो बराच वेळ हसला. "कॉलर ताठ असणारच की," म्हणाला, "आपला मालच तसा होता." हसून झाल्यावर तो गॅलरीत जाऊन उभा राहिला आणि जेवायला बोलावेपर्यंत आत आला नाही.

दुसऱ्या कारखान्यांत तो गेला. एके ठिकाणी कॉलरचं काम आता यंत्र करत होतं. कापड घातलं की टोकासकट कॉलर बाहेर. मामा त्या यंत्रापाशी अर्धा तास उभा होता म्हणे. घरी येऊन म्हणाला, "टोक बरं काढतं गं. माझ्यासारखं नाही, पण बरं काढतं." दुसऱ्या ठिकाणी त्यांना सगळं येणारी माणसं हवी होती, आणि तिसऱ्या ठिकाणी तिशीच्या आतली.

मग कोणीतरी सांगितलं म्हणून त्याने नोकऱ्या लावून देणाऱ्या कचेरीत नाव नोंदवलं. अर्जात 'काय काम येते' या रकान्यात त्याने आपल्या सुवाच्य अक्षरात एकच शब्द लिहिला, 'कॉलर'. पंधरा दिवसांत मुलाखतीचं पत्र आलं. घरात काय आनंद! मामीने त्याचा चांगला शर्ट काढला, मी माझ्या कामावर खास सुट्टी टाकून त्याच्याबरोबर निघाले. पत्त्यावर पोचलो तर एका मोठ्या खोलीत चाळीस-पन्नास पोरं-पोरी कानाला यंत्रं लावून एकाच वेळी बोलत होती. कोणी विमा विकत होतं, कोणी कर्ज. कचेरीतल्या बाईने मामाला फोन करणाऱ्या कॉलरांच्या यादीत टाकलं होतं. मामाच्याही डोक्यावर कोणीतरी ते कानातलं चढवलं आणि समोर कागद ठेवला. तो बिचारा खुर्चीच्या टोकावर बसून कागद वाचू लागला, "नमस्कार, मी आपला अमूल्य वेळ..." इथवर आला आणि त्याने मान वर केली. "साहेब," तो म्हणाला, "मी शर्टाची कॉलर."

खोलीत जो काही हशा पिकला! मीही हसले, खोटं कशाला सांगू. मुलाखत घेणारा तरुण डोळे पुसत उठला, मामाच्या खांद्यावर हात ठेवला, चहा पाजला. मामाने त्याला जाता जाता सांगितलं की त्याच्या कॉलरच्या डाव्या टोकाची टीप एक सूत आत गेली आहे. बसमध्ये मात्र तो खिडकीबाहेर बघत होता. "बावीस वर्षं जे केलं ते एका शब्दात बसतं गं," म्हणाला, "आणि तो शब्दही दुसऱ्याच कुणाचा निघाला."

तोवर मामीने इस्त्रीचं काम सुरू केलं होतं. खाली पाटी वगैरे नाही; इमारतीतले आणि मागच्या गल्लीतले लोक गाठोडी आणून द्यायचे. मामा आमच्या तिसऱ्या मजल्यावरून इस्त्री झालेले कपडे पोचवायचा. बाहेरच्या खोलीत टेबल, त्यावर जुनी चादर, आणि दिवसभर गरम कापडाचा वास. मामी सकाळी सातला उभी राहायची ती दुपारी जेवायलाच बसायची. तिच्या पायांच्या शिरा फुगल्या होत्या. मामा त्यांच्याकडे बघायचा नाही. बघायला लागू नये म्हणून पेपर वाचायचा, आणि तोही कालचाच असायचा.

मी तेव्हा गणवेशांच्या दुकानात गल्ल्यावर होते, अजूनही आहे. शाळांचे, दवाखान्यांचे, पहारेकऱ्यांचे गणवेश. दुकानाच्या मागे पत्र्याची शेड आहे, तिथे सात शिलाई मशिनी आणि आमचे कटिंगमास्तर. मी दुकानाजवळच दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायचे आणि रविवारी मामाकडे जायचे. मालकांच्या मागे लागून लागून मी एक संधी मिळवली. मास्तरांनी कापड दिलं, मापाची चिठ्ठी दिली आणि सांगितलं, "सोमवारी अख्खा शर्ट शिवून आणायला सांग. ठीक वाटला तर शेडमधली एक मशीन त्यांची."

मामाने ते कापड दोन्ही हातांत घेतलं. "येईल मला," म्हणाला. "बावीस वर्षं शर्टातच बसलो होतो की." त्याला किती हवी होती ती मशीन, हे मला त्याच्या हाताकडे बघून कळलं. जेवतानाही त्याचा अंगठा बोटावर फिरत होता, टोक काढताना फिरतो तसा.

सोमवारी तो शर्ट कागदात गुंडाळून घेऊन आला. शेडमध्ये मास्तर, सहा कारागीर, आणि कधी नव्हे ते मालकही आले होते. मास्तरांनी आधी कॉलर पाहिली. अंगठ्याने टोक दाबलं, उलटून पाहिली, उजेडात धरली. "वा," म्हणाले. "असं टोक हल्ली कोण काढतं?" मामाने माझ्याकडे पाहिलं. इतक्या महिन्यांत तसा चेहरा मी पाहिला नव्हता.

मग मास्तरांनी तो शर्ट कोपऱ्यातल्या पुतळ्यावर चढवला. आणि शर्ट खाली घसरला. खांदे दंडावर आले, बाह्या बोटांच्या पुढे, आणि कॉलर मानेभोवती अशी उभी राहिली की मधे दोन मुठी जाव्यात.

"चिठ्ठीत गळा किती लिहिला होता?"

"साडेचौदा," मामा म्हणाला.

मास्तरांनी टेप लावली. "सोळा."

काय झालं होतं ते मामाच्या लक्षात त्या क्षणीच आलं, आणि मला त्याच्या तोंडाकडे बघून. चिठ्ठी त्याने वाचली होती, पाठ केली होती. पण कापायला बसल्यावर हात आधी कॉलरकडे गेला, आणि कॉलर म्हटल्यावर हात कपाटाच्या फळीकडे गेला. फर्मा ठेवला, खडू फिरवला, कॉलर तयार. ती गळ्याला बसेना म्हणून त्याने गळा मोठा कापला. गळा मोठा झाला म्हणून खांदे उतरवले, खांद्यांसाठी बाह्या सैल केल्या. शेवटी सगळं सगळ्याला बसलं होतं. चुकीचा होता तो फक्त माणूस.

"शर्टाला कॉलर लावतात हो," मास्तर म्हणाले. "यांनी कॉलरला शर्ट लावलाय. नाकापेक्षा मोती जड!" मास्तर माणूस वाईट नाही, पण बोलणं कात्रीचं. सहाही कारागीर हसले. मालक माझ्याकडे बघून हसले, हीच का तुझी शिफारस, असे. माझे कान तापले. आणि मी त्या सगळ्यांसमोर मामाला म्हणाले, "बावीस वर्षं केलंस तरी काय रे तिथे?"

"कॉलर," मामा म्हणाला.

त्याने चिडून नाही म्हटलं. विचारलं म्हणून सांगितलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. त्याची मूठ मी चारचौघांत उघडून दाखवली होती, आणि वर विचारत होते की आत काय आहे. त्याने शर्ट पुतळ्यावरून काढला, घडी घातली, कागदात गुंडाळला. जाताना, मी गल्ल्यावर परतले होते तिथे, माझ्याजवळ येऊन थांबला. हात उचलला, माझ्या कॉलरकडे न्यायला, सवयीने. मग खाली घेतला आणि गेला.

त्यानंतर त्या गोष्टीबद्दल तो बोलला नाही, आणि मीही नाही. माफी मागायला हवी होती. दर रविवारी जाताना ठरवायचे आणि दर रविवारी मामी चहा देईपर्यंत इकडचं तिकडचं बोलून निघायचे.

पण त्या दिवसांत एक झालं. इस्त्रीच्या गाठोड्यांत विरलेल्या कॉलरींचे शर्ट खूप असायचे. मानेची घडी घासून घासून फाटते, आतलं पांढरं बकरम दिसायला लागतं. एक दिवस मामाने कोणाला न विचारता एका शर्टाची कॉलर उसवली, उलटी करून पुन्हा बसवली. फाटकी बाजू आत, कोरी बाजू वर. मामी घाबरली, लोकांचा शर्ट! ज्याचा शर्ट तो आला, घेऊन गेला आणि तासाभराने परत जिने चढून आला. "हा माझा नाही," म्हणाला. "माझा जुना होता."

तेव्हापासून लोक कॉलरी उलटायला आणू लागले. आणि कोण आणायचे? बरेचसे मामासारखेच. ज्यांना उद्या मुलाखत आहे, कोणाला तरी भेटायचं आहे, काम मागायचं आहे. कारखान्यातला खिसे लावणारा आला, काजवाल्या बाईचा नवरा आला, बँकेतून काढलेला एक चष्मेवाला कारकून आला. मामा त्यांना बसवायचा, समोरच काम करायचा. शर्ट घालायला लावायचा आणि कॉलरखालून दोन बोटं फिरवून म्हणायचा, "सरळ आहे. जा." मिळाली का नोकरी, असं कधी विचारायचा नाही. मिळाली तर ते स्वतःच सांगायला येत. फारसं कोणी आलं नाही.

या धंद्यात खोट एकच होती. कॉलर एकदाच उलटता येते. दुसरी बाजू झिजली की उलटायला काही उरत नाही. सात-आठ महिन्यांत आसपासच्या सगळ्या उलटण्यासारख्या कॉलरी उलटून झाल्या. चष्मेवाला कारकून तोच शर्ट घेऊन परत आला, तेव्हा मामाने तो बराच वेळ उलटसुलट पाहिला आणि तसाच परत दिला.

आता मी माझं सांगते. शाळा सुरू व्हायच्या आधी आमच्याकडे गणवेशांची धांदल असते. त्या धांदलीत मास्तर एक दिवस गल्ल्यापाशी आले. "तुझे ते मामा काय करतात गं हल्ली? शेडमध्ये एक जागा निघाली आहे. कॉलर फार सुरेख होती त्यांची. बाकीचं मी शिकवीन. पाठवून दे उद्या."

आणि मी म्हणाले, "ते लागले की दुसरीकडे."

का म्हणाले? मी हे स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. एकच उत्तर आहे आणि ते चांगलं नाही. मला ते हसणं पुन्हा ऐकायचं नव्हतं. मामाला लाज वाटू नये म्हणून नव्हे. मला वाटू नये म्हणून. शेडमध्ये मामा रोज काहीतरी चुकणार, सहा जण रोज हसणार आणि मी रोज गल्ल्यावर बसून ऐकणार, हे माझ्या डोळ्यांपुढे आलं आणि खोटं आपोआप तोंडातून बाहेर पडलं. मास्तर "बरं झालं" म्हणाले आणि आत गेले. मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून टाकते.

दहा-बारा दिवसांनी, भर दुपारी, मामा दुकानात आला. मी आधी ओळखलंच नाही. त्याच्या अंगावर फिकट निळा नवा शर्ट होता, आणि तो शर्ट त्याला बसला होता. खांदे खांद्यावर, बाही मनगटावर, सगळं जिथल्या तिथे.

"मास्तर आहेत?" त्याने विचारलं. त्याच्या आवाजात धाप होती. तो चालत आला होता.

मास्तर बाहेर आले. त्यांनी मामाला लहान मुलासारखं गोल फिरवलं. खांद्याची शिवण पाहिली, कफ पाहिले, बगलेत बोट घालून ओढून पाहिलं. "कोणी शिवला?"

"मी."

"गळा?"

"साडेचौदा. पूर्वी पंधरा होता. आता साडेचौदा झालाय," मामा म्हणाला आणि हसला. "या वेळी कॉलर शेवटी केली. फर्मा हिच्या मामीच्या ताब्यात देऊन ठेवला होता."

"आणि शिकलात कोणाकडे?"

"जुना शर्ट उसवला. टाकान् टाका. मग पुन्हा जोडला. असं चारदा." तो मास्तरांना सांगत होता, पण मधूनमधून माझ्याकडे बघत होता. बावीस वर्षं काय केलंस याचं उत्तर तो अंगावर घालून घेऊन आला होता.

मास्तर चुकचुकले. "अहो, पण आता कसं? तुम्ही लागलात ना कुठेतरी? ही म्हणाली. नाहीतर ती जागा तुमचीच होती. तुम्ही नाही म्हटल्यावर मी गेल्या सोमवारी दुसरा माणूस घेतला."

शेडमधल्या मशिनी चालूच होत्या. मी गल्ल्यातल्या पावत्या सरळ करायला घेतल्या. मामाने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. जिन्यात पाऊल चुकलं तर सावरायला जेवढा वेळ लागतो तेवढाच.

"हो हो," तो म्हणाला. "लागलो ना. म्हटलं जाता जाता दाखवून जावं. तुम्ही त्या वेळी माझ्यासाठी वेळ काढला होता."

"कुठे लागलात?"

"गोदामात," मामा म्हणाला. नजरेसमोर जे पहिलं आलं ते. आमच्या दारात तेव्हा कापडाचे खोके उतरत होते.

"छान, छान," मास्तर म्हणाले.

तो निघाला. गल्ल्यापाशी माझ्याजवळ थांबला. मला वाटलं, आता बोलेल, आणि त्याने बोलावं असं मला फार वाटत होतं. चारचौघांत बोलला असता तरी चाललं असतं. त्याने माझ्या कॉलरखाली दोन बोटं घातली, मागून पुढपर्यंत फिरवली, टोकं दाबली. "सरळ आहे," म्हणाला आणि गेला.

आठवड्याभरात तो खरंच गोदामात लागला. शहराबाहेरच्या एका मोठ्या गोदामात, खोके एका पट्ट्यावरून उचलून दुसऱ्या पट्ट्यावर ठेवायचे. रविवारी गेले तर मामी खुशीत होती. पुन्हा पगार सुरू होणार होता, इस्त्री थोडी कमी करता येणार होती. "तुझे उपकार गं बाई," ती मला म्हणाली. "हे म्हणाले, मिरचीनेच गोदामाचं सुचवलं." मामा पेपर वाचत होता. पेपर आजचा होता. त्याने मान वर केली नाही.

ते मला सहन झालं नाही. एका सकाळी मी कामावर उशिरा येते असं कळवलं आणि त्या गोदामाच्या रस्त्यावर जाऊन उभी राहिले. त्याला फाटकाबाहेर गाठायचं, सगळं कबूल करायचं आणि माफी मागायची, असं शब्दन् शब्द ठरवून गेले होते. माणसांची रांग लागली होती. फाटकापाशी प्रत्येकजण पिशवीतून नारिंगी बनियनसारखा एक गोल गळ्याचा सदरा काढून अंगात घालत होता. गोदामाचा तोच गणवेश. आमच्याच दुकानातून गेलेला माल. मीच पावती फाडली होती.

मामा रांगेत होता. निळा शर्ट घातलेला. त्यावरून त्याने तो नारिंगी सदरा चढवला आणि निळी कॉलर गळ्यातून बाहेर काढून नीट केली. फाटकावरच्या माणसाने मानेकडे बोट दाखवून काहीतरी म्हटलं. मामाने मान हलवली. दोन बोटं कॉलरखाली घातली, मागून पुढपर्यंत फिरवली, आणि कॉलर आत सारली, सगळी, टोकांसकट. फाटकावरच्या माणसाने हात केला. मामा आत गेला.

मी रस्त्याच्या या बाजूला होते. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. पण हाक मारली असती तर त्याला कळलं असतं की मी पाहिलं.

नवा नवा असेल म्हणून बोलले असतील, उद्यापासून नाही बोलणार, असं मी स्वतःला सांगितलं. पुढच्या रविवारी मामीला सहज विचारावं तसं विचारलं, कॉलर बाहेर ठेवू देतात का तिथे.

"रोजचंच आहे ते," मामी म्हणाली. ती त्याचाच निळा शर्ट टेबलावर पसरत होती. "आत घालायचा तर साधा घाला म्हटलं, ऐकत नाहीत. आणि वर कॉलरला इस्त्री कडक लागते त्यांना."